गाडी अजून तिथेच उभी आहे म्हणे

१४ ऑक्टोबर, मंगळवार

श्री.

आज टपालात सलोनीच्या नावाचं पाकीट. लीजवाल्या कंपनीचं, गाडी त्यांच्याच नावावर. सुनेची पत्रं मी कधी उघडत नाही. हे नीट चिकटलेलं नव्हतं, बोट लागताच उघडलं.

आत दंड. दसऱ्याला मी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, ती म्हणे रात्रभर काढलीच नाही. ते पार्किंग कुणा खासगी कंपनीचं. खांबावर कॅमेरे आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीचा नंबर टिपतात. आमची आत आलेली दिसली, बाहेर गेलेली दिसली नाही. गाडी माझ्या डोळ्यांसमोर, घरापुढच्या ड्राइव्हवेत उभी, आणि हे म्हणतात ती तिथे आहे!

त्या दिवसाचं सगळं लख्ख आठवतंय. झेंडूचे हार घेतले. विजयमुहूर्त टळू नये म्हणून तिथेच गाडीची पूजा केली. हळद-कुंकू, चाकापाशी नारळ, पुढेमागे भरघोस हार. मागच्या गाडीतली गोरी बाई हॉर्न वाजवून दाद देत होती. मग सरळ घरी.

प्रश्न पैशांचा नाही. (आहेच. एवढ्यात महिन्याची भाजी येते.) प्रश्न किल्लीचा. सलोनी ट्रेनने शिकागोला जाते, म्हणून गाडी दिवसभर माझ्याकडे. किल्ली देताना म्हणाली होती, आई, लीजची गाडी आहे, एक जरी तिकीट आलं तरी किल्ली परत हं. चौसष्टाव्या वर्षी लायसन्स काढलं मी. पहिल्या दोन वेळा नापास झाले, पण ते परीक्षकच नवशिके होते. किल्ली गेली की भजन, देऊळ, भाजी, सगळं ओजसला सवड होईल तेव्हा. माझा मुलगा आहे, मला माहीत आहे. कधीच होणार नाही.

निश्चय: सलोनीला कळू द्यायचं नाही. आठवड्यात दंड रद्द. तोवर पाकीट देवघरात, आसनाखाली. देवाला खडीसाखर बोलले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

उपास. डोकं हलकं असतं, इंग्रजी चांगलं सुचतं.

अपील लिहिलं. सुरुवात रिस्पेक्टेड सर, शेवट युवर्स ओबीडियंटली. शाळेत रजेचा अर्ज वर्गात माझाच वाचून दाखवायच्या बाई. मॅट्रिकला इंग्रजीत पास झाले, ते काही उगाच नाही.

ह्यांना विश्वासात घेतलं. हे म्हणाले, अगं, भर आणि मोकळी हो. म्हटलं, भरलं की गुन्हा कबूल. हे म्हणाले, मग सलोनीला सांग. ह्यांनी जन्मभर सरकारी खात्यात फायली पुढच्या टेबलावर सरकवल्या. लढणं रक्तातच नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

अपील कागदावर घेत नाहीत. वेबसाइटवर चढवायचं, सोबत पुरावा.

नीलाला सांगितलं. भजनाला माझ्याच गाडीतून येते, तेव्हा हा तिचाही प्रश्न आहे. नागपूरची. म्हणाली, काय हो, जगाला शहाणपण शिकवता अन् सुनेला भेता! म्हटलं, भीत नाही, तिला त्रास नको म्हणून. ती म्हणाली, हो का. अन् पाकीट आसनाखाली कोणाला त्रास नको म्हणून, देवाला?

तोंडाळ आहे, पण कामाची. दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला आली होती, तेव्हा फोटो काढला होता. मी आणि नीला, नऊवारीत, मागे आमच्या दारात आमची गाडी. फोनमध्ये तारीख आहे, वेळ आहे. याहून मोठा पुरावा काय असतो? चढवला.

जिंकल्यात जमा.

२० ऑक्टोबर, सोमवार. लक्ष्मीपूजन

पाट मांडत होते. सलोनी म्हणाली, आई, लीजवाल्यांचं काही आलं का हो टपालात? वर्षअखेर गाडी परत करायची की ठेवायची, त्यांचं पत्र यायचंय. म्हटलं, नाही बाई, नुसत्या पिझ्झाच्या जाहिराती.

लक्ष्मीसमोर खोटं बोलले असं नव्हे. तिने त्या पत्राबद्दल विचारलं, आणि ते पत्र खरंच आलेलं नाही. तरी प्रायश्चित्त म्हणून दुसरी करंजी घेतली नाही. तिसरी संध्याकाळी घेतली.

पूजेत आसन जरा तिरकं दिसत होतं. हे मुद्दाम तिकडेच बघत होते.

नवस खडीसाखरेवरून पेढ्यांवर नेला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

उत्तर नाही. पार्किंगवाले घाबरले असणार.

आज सलोनी देवघर झाडायला निघाली. म्हणाली, तुमचं कंबरेचं दुखणं आहे, मी करते. एरवी कधी नाही ती आजच! मी सोवळ्यात आहे म्हणून तिला दारातच थांबवलं. ती म्हणाली, आई, तुम्ही जीन्समध्ये आहात.

पाकीट आता तांदळाच्या डब्यात.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

उत्तर आलं. अपील नामंजूर.

म्हणतात, तुमच्या फोटोत नंबर प्लेट दिसत नाही, तेव्हा ही गाडी तीच कशावरून? सोबत त्यांच्या कॅमेऱ्याचा फोटो. बाहेर पडणारी एक गाडी, मागे नंबराच्या जागी झेंडू. नुसता झेंडू. आणि त्यांच्या आवारात प्लेट झाकली म्हणून वेगळा दंड.

ह्यांना दाखवला. हे बघतच राहिले. मग इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, अगं, कॅमेऱ्याने ओळखायचं कसं? नवरदेव चाललाय!

हसायला काय झालं? मुख्य मुद्दा बघत नाहीत. गाडी बाहेर पडलेली त्यांनी स्वतःच दाखवली की नाही? मग रात्रभर होती कुठे? त्यांचंच म्हणणं त्यांनीच खोडलं. मला वकील व्हायला हवं होतं.

दुसरं अपील लिहिलं, या वेळी धर्मस्वातंत्र्यावर. नागरिकत्वाच्या परीक्षेच्या पुस्तकात पहिलंच आहे: इथे प्रत्येकाला आपापला धर्म पाळता येतो. पाठ आहे मला. हार हा धर्म आहे, आड आली ती प्लेट. नीलाने टाइप केलं. म्हणाली, अहो, हे दुकानापुढचं पार्किंग आहे, सुप्रीम कोर्ट नाही. आणि दुसरा दंडही लीजवाल्यांकडे जाईल हो. तिला दूरचं दिसत नाही.

सत्यनारायण बोलले. देव सगळं बघतो आहे, त्याला कॅमेऱ्याची गरज नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

लीजवाल्या कंपनीने पहिल्याची मुदत संपली म्हणून दोन्ही दंड स्वतःच भरून टाकले. वर स्वतःची फी लावून सगळं सलोनीच्या हप्त्यात. तिला ट्रेनमध्ये फोनवर कळलं. पत्र पाठवलं होतं, असंही त्यांनी तिला कळवलं. चुगलखोर.

आली ती कोट न काढताच उभी राहिली. ओजसने टीव्हीचा आवाज वाढवला. हे अचानक भांडी घासायला लागले.

मी म्हटलं, त्या कॅमेऱ्याचीच चूक आहे. ती म्हणाली, आई, पत्र कुठंय? तांदळातून काढून दिलं. झटकून वाचलं तिने. पाकिटाची कड बघितली. म्हणाली, सुरीने उघडलंय.

सगळं सांगितलं मग. झेंडू, मुहूर्त, नंबर, अपील. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही, ते वाईट. म्हणाली, तिकिटाचं मी गमतीत म्हटलं होतं हो. मला स्वतःला दोनदा आलंय. तुम्ही सांगितलं असतंत तर लंच ब्रेकमध्ये निपटवलं असतं. पण माझं पत्र उघडलंत, लक्ष्मीपूजनाला मला तोंडावर नाही म्हणालात, तीन आठवडे रोज माझ्याबरोबर बसून चहा प्यालात. आता मी ट्रेनमध्ये बसले की माझ्या मनात काय येणार, सांगा?

मी म्हटलं, जेवायला वाढू का?

तिने हुकवरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली. भांडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तरं देता आली असती.

निश्चय: आपण होऊन किल्ली मागायची नाही. ती चारच दिवसांत देईल.

१० नोव्हेंबर, सोमवार

दिली नाही. भाजी ओजस आणतो. कोथिंबीर म्हणून पार्सली आणली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जिंकले!

पार्किंगवाल्यांचं उत्तर आलं. त्यांच्या वरच्या कुणा साहेबांनी अपील स्वतः वाचलं. आमच्या धार्मिक भावनांचा आदर करून दोन्ही दंड रद्द, पैसे परत. खाली लिहिलंय, फुलं सुंदर होती.

ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, शाबास. या वेळी हसले नाहीत.

सलोनी आल्याबरोबर तिच्यापुढे धरलं. तिने कोट काढला, बसली, नीट शेवटपर्यंत वाचलं. म्हणाली, छान लिहिलंय आई तुम्ही, खरंच. कागद घडी करून मला परत दिला. पर्स खांद्यावर टाकून वर गेली.

मी जरा वेळ जिन्याखाली उभी होते. काही विसरली असेल तर परत येईल म्हणून.

नीलाला फोन करून सांगितलं. ती ओरडलीच. वा वा, वकिलीणबाई! मग उद्या भजनाला किती वाजता येताय मला घ्यायला?

म्हटलं, उद्या बर्फाचा अंदाज आहे. आपापल्या घरीच म्हणू.