पाणबुडीतलं रडणं

प्रचारखात्याचे साहेब,

युद्धाच्या दिवसांत आपल्या पाणबुडीच्या चित्रपटातून तुम्ही एक दृश्य कापायला लावलं होतंत. त्यात यंत्रखोलीतला खलाशी भीतीनं रडतो. "हे पाहून भरतीला कोण येईल?" असं तुम्ही म्हणाला होतात. मी संकलक, हुकमाची ताबेदार. सगळ्या प्रतींतून ते कापलं. बंदरावरच्या थिएटरला जाणाऱ्या प्रतीत मात्र मुद्दाम राहू दिलं.

आठवड्यानं एक खलाशी, पडद्यावर संकलकाचं नाव वाचून, स्टुडिओत मला शोधत आला. मला वाटलं, गेली नोकरी.

टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "बाई, तो रडला आणि सगळं थिएटर गप्प झालं. मला वाटायचं, घाबरणारा मी एकटाच."

"म्हणून पळून आलात?"

"छे, उद्या निघतोय. आभार मानायला आलो."

तो सुखरूप परतला. आमच्या लग्नाला आता तीस वर्षं होतील. या क्षणी शेजारच्या खोलीत तो नातीला शिट्टी वाजवायला शिकवतोय आणि दोघांनी मिळून माझं डोकं उठवलंय.

साहेब, तुमची माफी मागायला कागद घेतला खरा, पण इतक्या सुखात बसून मागितलेली माफी खोटी ठरेल. म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुमच्या हाताखालची,
संकलन विभागातली हट्टी बाई