अठरा हजार गुण आणि एक बेट

२७ जून
लिआचा विद्यापीठ प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. वीस हजारांत अठरा हजार दोनशे. मी कारखान्यात होतो. "बाबा, झालं," फोनवर म्हणाली. मी म्हटलं, छान. मग हातातल्या खिडकीचं माप पूर्ण केलं.
फात्मिरने करवत बंद केली, हात पुसले, "मालक, पोरीने नाव काढलं" म्हणाला, आणि रडायला लागला. अल्बानियातून माझ्याकडे कामाला आला तेव्हा लिआ जन्मलीही नव्हती. रडायला मी हवा होतो. जानेवारीत एव्हांथिया गेली, तेव्हापासून असं काही मला येत नाही. लोक बायकोच्या जाण्यानंतर दारू पितात. मी ॲल्युमिनियम कापतो.

२८ जून
सकाळीच झिसिस मास्तर हजर. लिआ त्यांच्याच क्लासची. निकालानंतर दर वर्षी चौकात त्यांच्या बाल्कनीवरून फ्लेक्स लोंबतो. पोरांचे फोटो, खाली कोण कुठे लागलं ते.
"थ्रासोशेठ, मेत्सोव्हियो! अथेन्स! देशातलं पहिलं इंजिनिअरिंग. फोटो मधोमध लावतो, मोठ्ठा."
"पोरीला विचारलंत?"
"पोरीला काय विचारायचं? गुण बोलतायत."
अर्ज भरायला दहा तारखेपर्यंत मुदत आहे. कुठलं पहिलं, कुठलं दुसरं, क्रम लावायचा. आमच्याकडे हे सोपं असतं. गेल्या वर्षी शेवटचं पोर किती गुणांवर घेतलं ते छापून येतं, आणि तोच त्या जागेचा भाव. जिथे जास्त लागतात ती चांगली. आपल्या गुणांपेक्षा स्वस्तात गेलं की लोक हळहळतात.

१ जुलै
लिआला मितिलिनीला जायचंय. बेटावर. समुद्रशास्त्र. जेवताना बोलली, ताटाकडे बघत.
"तिथे कितीवर घेतात?" शेवटी मीही तेच विचारलं.
"दहा हजारांच्या आसपास."
एव्हांथियाची धाकटी बहीण हाइदो सॅलड घेऊन आली होती. "आणि वरचे आठ हजार काय भिकाऱ्याला घालणार?"
लिआ उठून गेली.
"भाओजी, तुम्ही काहीतरी बोला ना."
मी ब्रेड मोडला.

३ जुलै
मी सहावीत शाळा सोडली. मला विद्यापीठातलं काय कळणार? म्हणून आज दिवसभर गिऱ्हाइकांना विचारत फिरलो. मेत्सोव्हियो म्हटलं की माणसं सरसावून बसतात. मितिलिनी म्हटलं की थांबतात, मग म्हणतात, "हवा छान आहे तिथली." त्या थांबण्यातच सगळं येतं.
दुपारी एका घरी बाल्कनीचं दार बसवत होतो. नवरा मेत्सोव्हियोचाच निघाला. "नाव दारं उघडतं, मिस्त्री," म्हणाला.
बायको आतून ओरडली — "कुठलं उघडलं ते सांग की त्यांना! वीस वर्षं विमा विकतोय!"
तो कॉफी ढवळत बसला.
नावाची किंमत मला ठाऊक आहे. माझ्या खिडक्यांची मूठ जर्मन, बाकी सगळं आपलं. मी "मूठ जर्मन" म्हणतो, गिऱ्हाईक फक्त "जर्मन" ऐकतं. पण पावसाळी वाऱ्यात पाणी आत आलं, तर ते मुठीतून येत नाही. चौकट भिंतीला बसलेली नसते.
हे लिआला सांगायला हवं होतं. घरी आलो, झोपलो.

५ जुलै
उकाडा. काही नाही.

६ जुलै, रविवार
एव्हांथियाचं सहा महिन्यांचं स्मरण. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी नाव घेतलं, मग हॉलमध्ये कॉफी, ब्रँडी, उकडलेल्या गव्हाच्या पुड्या. लोक खांद्यावर हात ठेवत होते. हात जड लागतो एवढं कळायचं.
माझे कान मात्र शाबूत आहेत. मागच्या टेबलावर बायका.
"पोरगी कुठे जायची नाही बघ."
"एवढे गुण पडूनसुद्धा?"
"बापाकडे बघ ना. केव्हाचा चमचा धरून बसलाय."
बघितलं. खरंच हातात चमचा होता.
मग हाइदोचा आवाज, हळू — "मला बोललीय ती. इथलंच भरणार, व्होलोसचं, बांधकामाचं. बाबांच्या धंद्याला उपयोगी म्हणे. धंद्याला कसलं! रात्री बापाच्या खोलीचा दिवा विझल्याशिवाय झोपत नाही पोर."
चमचा बशीत ठेवला.

७ जुलै
सगळं गाव विद्यापीठं तोलत होतं. ती मला तोलत होती.
व्होलोस वाईट नाही. चांगली पोरं तिथून निघाली. पण ती तिथे शिकायला नाही, राखण करायला जाणार. "जा" म्हटलं तर जायची नाही, आईवर गेलीय. तेव्हा कारखान्यातून येता येता एक ठरवलं, आणि जेवताना बोललो.
"सप्टेंबरपासून तुझी खोली फात्मिरला देतोय. त्याचं तळघर ओलं आहे, गुडघे धरलेत त्याचे. शब्द दिलाय."
"माझी खोली?"
"राहिलीस इथे तर बैठकीत झोप. सोफा मोठा आहे."
"आईचं शिवणाचं मशीन आहे तिथे."
"हलवू."
तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीकडे. मग तिने दोघांच्या ताटल्या धुतल्या आणि आत गेली.
फात्मिरला यातलं काही माहीत नाही. तळघर ओलं आहे, तेवढं खरं. आयुष्यभर गिऱ्हाइकं पटवली, तसंच हेही. आपल्याला वाईट वाटेल म्हणून वाट बघत बसलो. वाटलं नाही.

१० जुलै
"मितिलिनी पहिलं टाकलंय. झालं समाधान?" लिआ.
झिसिस मास्तरांचा फोन. "थ्रासोशेठ, तुम्ही बाप आहात की कोण? अठरा हजार गुण समुद्रात फेकले!"
"तिला समुद्रच शिकायचाय, मास्तर. सापडतील."
फोन आपटला त्यांनी.

२८ जुलै
लागली. मितिलिनी.

३० जुलै
फ्लेक्स लागला. लिआ अगदी खाली, कोपऱ्यात, तिकिटाएवढी. तिने फोटो काढून मैत्रिणींना पाठवला आणि हसली. माझ्याशी मोजकंच बोलते.

२८ सप्टेंबर
पिरेअसच्या धक्क्यावर सोडून आलो. जहाज केवढं. शिडीवर चढण्याआधी म्हणाली, "खोली रिकामी केलीय. मशीन खिडकीशी सरकवलंय, तिथेच राहू दे." मला मिठी मारली, सुटली, पुन्हा मारली.
चार तास गाडी चालवली. रेडिओ लावला नाही. घरी सगळे दिवे बंद.

२९ सप्टेंबर
संध्याकाळी दाराची बेल. फात्मिर. एका हातात बॅग, दुसऱ्यात पातेलं.
"मालक, लिआने जुलैतच सांगितलं होतं. 'बाबांनी तुला खोली द्यायचा शब्द दिलाय.' मी म्हटलं, मला तर नाही दिला. तर म्हणाली, 'ठाऊक आहे मला. तरी तू जा. तू बाबांजवळ असशील, तेवढ्यावरच मी जातेय.'"
मी दारातून बाजूला झालो.