पायरी पहिली : शांत राहा

३ मार्च
कारखान्यात मूल्यमापनवाल्या बाई आल्या. माझ्या प्रथमोपचार कोर्सचा कामगारांना खरंच उपयोग होतो का, हे तपासणार म्हणे. तपासा बापडे! नऊ वर्षं शिकवतोय. फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी ४.९. मॅनेजरसाहेब म्हणाले, रिपोर्ट वाईट आला तर कोर्स बंद. म्हणजे मीही बंद. हसलो. एकटाच.

४ मार्च
बाईंना फॉर्मचा गठ्ठा दाखवला. म्हणाल्या, यावरून तुम्ही आवडता एवढंच कळतं. एवढं काय थोडं आहे?

७ मार्च
लेखी परीक्षा. कोर्स केलेले : सरासरी ४१. न केलेले : ४४. घाम फुटला. मग लक्षात आलं, माझ्या माणसांना माहिती जास्त, म्हणून गोंधळ जास्त. बाईंना तसं समजावलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मान उंच करूनही दिसलं नाही.
बायको म्हणाली, बोलणं कमी करा, हातानं करून दाखवा. तिला शिक्षणशास्त्र कळत नाही.

१० मार्च
संकल्प : घाबरायचं नाही. स्लाइड्स ६२ होत्या, ८८ केल्या.

१२ मार्च
उद्या दुपारी बाईंसमोर प्रात्यक्षिक. जेवण जात नाही. कोर्स केलेल्या बाराही जणांकडून प्रथमोपचाराच्या पायऱ्या घोकून घेतल्या. एका सुरात म्हणतात. अंगावर काटा आला. आता बघूच.

१३ मार्च, दुपारी १.४०
अक्षर वाकडं येतंय.
जेवणाच्या सुट्टीत वेल्डरदादांच्या घशात घास अडकला. आवाज बंद, चेहरा जांभळा. माझे बारा सर्टिफिकेटवाले भोवती गोल उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले, 'पायरी पहिली : शांत राहा!' मी लॅपटॉप उघडला. पासवर्ड दोनदा चुकला. बाई हॉलच्या त्या टोकाकडून धावत निघाल्या, पण त्यांच्या आधी भांडीवाल्या मावशी पोचल्या. दादांना पुढे वाकवलं, दोन्ही खांद्यांच्या मधोमध ओल्या हातानं रट्टे घातले. चौथ्या रट्ट्याला घास बाहेर. दादा श्वास घेऊन रडायलाच लागले.
बाईंनी विचारलं, कुठे शिकलात? मावशी म्हणाल्या, शेजारच्या नर्सताईंनी एकदा दाखवलं होतं, पाच मिनिटं.
मावशींना मी कोर्सला घेतलं नव्हतं. वाचता येत नाही, मग स्लाइड्स कशा वाचणार?

संध्याकाळी ५
शांतपणे विचार केला. माणूस वाचला. कारखान्यात जागरूकतेचं वातावरण कुणी तयार केलं? मीच. हे रिपोर्टात यायला हवं. बाईंना चिठ्ठी पाठवली.

१४ मार्च
दादांना दवाखान्यात भेटलो. घोगऱ्या आवाजात म्हणाले, 'साहेब, तुम्ही सगळे दिसत होतात मला. ऐकूही येत होतं.' मग थांबून विचारलं, 'दुसरी पायरी काय होती हो?'
आठवली नाही.

१७ मार्च
रिपोर्ट आला. कोर्स बंद नाही. आता मावशी शिकवणार, स्लाइड्सशिवाय. नावांची यादी करायचं काम माझ्याकडे. तेरावं नाव माझं मीच लिहिलं.

२० मार्च
पहिला तास. मावशी माझ्याकडे पाठ करून वाकल्या, म्हणाल्या, जपून मारा, पण मारा. मी मारलं. म्हणाल्या, 'साहेब, असं थोपटलंत तर माणूस झोपेल, वाचणार नाही.'
बाराही जण हसले. पुन्हा मारलं. पुन्हा नापास.