समुपदेशनाची खोली सुनेला

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने समुपदेशक, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. "निकाल माझ्याकडे मागू नका," असे नवरा-बायकोंना मी आयुष्यभर बजावत आले. इथे मात्र तो द्यावाच लागतो.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलाला.

२. पुस्तके माझ्या विद्यार्थिनीला. तिला एवढेच सांगणे: जोडपे आले की आधी एकाने बोलावे. दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगावे, आणि पहिला "हो, हेच म्हणालो" म्हणेपर्यंत उत्तर देऊ नये. निम्मी भांडणे तिथेच गळतात. उरलेली खरी असतात. त्यांची घाई करू नये. एकटा माणूस रडू लागला, तर त्याला गप्प करायला पाण्याचा ग्लास पुढे करू नये.

३. भिंतीवरचे घड्याळ नणंदबाईंना. "परक्यांची धुणी धुतेस," असे त्या चारचौघांत म्हणत. एकदा स्वतःच मागच्या जिन्याने येऊन तासभर बसल्या. काय बोलल्या, ते माझ्याबरोबर जाईल.

४. समुपदेशनाची खोली, खुर्च्यांसह, माझ्या सुनेला.

याचे कारण लिहून ठेवते. मुलाचा संसार मोडू लागला तेव्हा दोघेही माझ्याकडे आले. घरच्यांची शस्त्रक्रिया घरच्याने करू नये, म्हणून मी त्यांना दुसरीकडे पाठवले. मुलगा संतापला. "सगळ्या जगाचं ऐकून घेतेस, आणि मी आलो तर दार लावतेस?" पुढे ते वेगळे झाले आणि त्याने माझ्याकडे येणे सोडले. माझ्या आजारपणात इस्पितळात ने-आण तिनेच केली. मी संकोचले तर म्हणाली, "आई, घटस्फोट त्याच्याशी झालाय. तुमच्याशी नाही."

मागच्या आठवड्यात मुलाला बोलावून हा मसुदा वाचायला दिला. तो कोर्टाची भाषा करील, अशी मी मनाची तयारी ठेवली होती. चौथे कलम त्याने दोनदा वाचले.

"खोली तिचीच," तो म्हणाला. "मी नव्हतो तेव्हा ती होती. पण 'माजी सुनेला' असं लिहिलंयस. त्यातलं 'माजी' खोड."

त्यानुसार कलम चारमधील तो एक शब्द खोडला असून, शेजारी माझी सही आहे.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे औषधविक्रेते (सही) २. माझे डॉक्टर (सही)
ठिकाण: राहते घर. तारीख: ९ मार्च