कोंडीबाला डायलिसिस समजावताना

५ फेब्रुवारी १९७९, सोमवार
पाचवं डायलिसिस. डॉक्टर म्हणाले, गुरुजी, मोडनिंबचे कोंडीबा आजपासून तुमच्या शेजारच्या कॉटवर, त्यांच्याशी बोलत जा. अर्थ उघड आहे. नव्या पेशंटला समजावायला तीस वर्षांचा अनुभवी शिक्षकच हवा. माझं स्वतःचं तात्पुरतं आहे. मूत्रपिंडं दमलीत. जूनमध्ये शाळेत हजर.
संकल्प: दिवसाला दोन पेले पाणी.

८ फेब्रुवारी, गुरुवार
पहिला पाठ. सुया दोन. एकीतून रक्त मशीनमध्ये जातं, दुसरीतून धुऊन परत येतं. सहा तास. पायात गोळे येतात, घाबरायचं नाही. कोंडीबा म्हणाला, व्हय गुरुजी. गुणी विद्यार्थी.
नंतर मलाच गोळा आला. ओरडलो म्हणे. कोंडीबानं सिस्टरला बोलावलं.

१२ फेब्रुवारी
गुरुवारपासून माझं वजन चार किलोनं वाढलं. काटा बिघडलाय. कोंडीबाचं एकच किलो वाढलं. माझी बायको महानंदा म्हणाली, ताक आणि कलिंगड कोण मोजणार? ताक हे अन्न आहे, असं सांगितलं. ती आत गेली.

१९ फेब्रुवारी
दुसरा पाठ, पथ्य. मीठ, केळी, नारळपाणी बंद. कोंडीबानं विचारलं, गुरुजी, तुमाला असं किती दिवस? म्हटलं, जूनपर्यंत. तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. पाठ जड गेला असावा.

२ मार्च, शुक्रवार
दम लागला. दुपारी रिक्षातून दवाखान्यात, वार नसताना मशीनवर. उन्हामुळे. माठ रिकामा होता हे खरं, पण घरात माणसं तीन आहेत.

५ मार्च, सोमवार
कोंडीबा म्हणाला, "गुरुजी, रागावू नका. मी दोन वर्सं मशीनवर हाय. आदी मुंबईला, आता हितं. डॉक्टर म्हनले, गुरुजींना जरा समजावा, त्यांना कुनाचं पटत न्हाय. ह्ये जूनमदी थांबत न्हाय. जगायचं तवर यायचं."
मी विचारलं, मग माझे पाठ कशाला ऐकलेस? म्हणाला, "बोलताना तुमी लई खुशीत असता की."
घरी महानंदाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलंय.
मला का नाही सांगितलं, विचारलं.
तुम्ही माझ्या शेजारीच बसला होता, म्हणाली.

८ मार्च, गुरुवार
वजन दीड किलो वाढलं. काटा बरोबर आहे. पायात गोळा. ओरडलो नाही.
कोंडीबाला विचारलं, दोन वर्षं हे सहा तास कसे काढलेस?
म्हणाला, "तुमी यायच्या आदी झोपायचो."