आजीचा फोटो

जरीपटका, नागपूर
१२ फेब्रुवारी १९७४

बाबाले सोमीचा जोहार.

हे पत्र लखूकडूनच वाचून घ्या, ग्रामसेवकाकडून नको.

मी बरी आहे. खोली चांगली आहे, पोटभर जेवते. ज्या कचेरीत कामाले लागली, तिथं आपल्या गोंडांचे जुने फोटो पेट्या भरभरून आहेत. खाली नाव नाही, नुसतं 'गोंड स्त्री', 'गोंड पुरुष'. साहेब चहा पाजतात अन् म्हणतात, "ओळख पटली तर नाव सांग. तुमच्याच लोकांच्या कामी येईल." एवढं गोड काहून बोलून राहिले, मले कळेना.

पहिल्याच पेटीत आजी निघाली. डोक्यावर मोहाची टोपली, हनुवटीवर तेच गोंदण. मले रडूच आलं. तिचं नाव, गाव, कोणाची सून, सगळं सांगून टाकलं. साहेबांनी सुंदर अक्षरात लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आजीले पुन्हा पाहाले गेली, तर पेटी कपाटात अन् कपाटाले कुलूप. बाबू म्हणाला, "अर्ज कर, कारण लिही." नात आहे, हे कारण चालत नाही म्हणे.

तेव्हापासून मी कोणालेच ओळखत नाही.

आईचा खोकला गेला का? लखू शाळेत जाते ना?

काल आणखी एक फोटो निघाला. आजीच्या मांडीवर दोन वर्षांचं लेकरू, कपाळावर तुमचाच काळा डाग. साहेबांनी विचारलं, "हा कोण?" मी तुमच्या तोंडाकडे पाहत म्हटलं, "माहीत नाही."

राग मानू नका.

तुमचीच लेक,
सोमी