ताप चढेपर्यंत

७, मंगळवार

टिंगीची पाणमोट फुटली. पाचव्याच महिन्यात.

ताई फोनवर कधी थेट मुद्द्यावर येत नाही. आधी माझ्या जेवणाची चौकशी, मग माझ्या स्वभावाची. आज नुसतं म्हणाली, "ये." तशीच निघाले.

टिंगी म्हणजे ताईची एकुलती एक. शाळेत गणित शिकवते, वर्गातली पोरं तिला टरकून असतात, पण घरात तिशी ओलांडली तरी टिंगीच. या बाळासाठी किती वर्षं सुया टोचून घेतल्या तिनं. आता खाटेवर सपाट पडून आहे. मला बघून म्हणाली, "मावशी, हसव ना काहीतरी."

काही सुचलं नाही. आणि म्हणे मी विनोदी लेखिका.

८, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी व्हरांड्यात नेऊन समजावलं. हळू बोलत होत्या, भिंतीला कान असल्यासारख्या. पाणी सगळं गेलंय. बाळ वाचणार नाही, आज नाही तर चार दिवसांनी. पण ठोके चालू आहेत, आणि ठोके चालू असेपर्यंत हात लावायचा नाही, असा तो नवा कायदा, ज्याच्यावर मी वर्षभर लिहितेय. आईच्या जिवाला तत्काळ धोका असला तरच सूट.

"मग धोका नाही का?" मी.

"आहे. आत जंतू शिरतील. शिरलेही असतील."

"मग?"

"मला दिसून चालत नाही. तक्त्यावर दिसायला हवं."

तत्काळ म्हणजे केव्हा, ते कायद्यात नाही. म्हणून इस्पितळाच्या वकिलानं ठरवून दिलंय – ताप. तक्त्यावर एक लाल रेघ आहे. ताप रेघेच्या वर गेला की धोका. रेघेच्या खाली असेल तर ती बाई कायद्यानं ठणठणीत. वकिलानं टिंगीला पाहिलेलं नाही. त्याची गरजही नाही म्हणे.

म्हणजे आम्ही पोरीला ताप यायची वाट बघत बसलोय. मी स्तंभात हे लिहिलं असतं तर संपादक म्हणाले असते, जरा अतिशयोक्ती होते आहे.

९, गुरुवार

सिस्टर थर्मामीटर घेऊन आली की आम्ही सगळे उठून उभे राहतो. आकडा सांगते, "नॉर्मल." ताई डोळे मिटून हात जोडते. मी लाल रेघेकडे बघत राहते. एकाच आकड्यावर दोन बहिणी, आणि दोघींना दोन वेगळ्या भीती.

ताईला हा कायदा पटतो. आजचं नाही, पहिल्यापासून. मी त्याच्यावर लिहिलेला प्रत्येक लेख वाचून फोन करायची – "वाकडे, जीव तो जीव. त्यात हसण्यासारखं काय आहे गं?" वाकडे म्हणजे वाकड्या तोंडाची. लहानपणापासूनचं नाव आहे, हक्कानं कमावलेलं. ताईला मूर्ख म्हणून मोडीत काढता आलं असतं तर सोपं होतं. पण तिची दोन बाळं टिंगीच्या आधी गेली. ती जीव म्हणते तेव्हा तिच्यासमोर चेहरे असतात. माझ्यासमोर मुद्दे.

दुपारी वादाला तोंड फुटलं. खाटेपासून लांब, पाण्याच्या पिंपाजवळ.

"ठोके ऐकलेस तू?" ताई म्हणाली. "मी ऐकले. घोड्यासारखे धावतात."

"आणि टिंगीचे ऐकलेस?"

"तिला काही होणार नाही."

"कुणी सांगितलं तुला?"

"मी सांगते ना!"

जावईबापू आमच्यामधून पाना घेऊन निघून गेले. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. बसवत नाही म्हणून इस्पितळाच्या लिफ्टचं दार काढून ठेवलंय त्यांनी. कुणी सांगितलेलं नाही. सगळे पेशंट जिन्यानं चढताहेत.

संध्याकाळी ताई चहाला गेली आणि टिंगीनं माझा हात धरला. तिचा हात थंड, घामानं ओला. "मावशी, कालपर्यंत मीच म्हणत होते, ठोके आहेत तोवर कुणी हात लावायचा नाही. पण मला भीती वाटते गं. मला मरायचं नाही. याला मी काही दुसऱ्याचं म्हणत नाही, माझंच आहे हे. पण मला घरी जायचंय."

मग म्हणाली, "आईला सांगू नकोस. तिला वाटेल मी सोडून दिलं."

तिनं डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमची इच्छा कळली. पण कायद्यात इच्छेचा रकाना नाही."

१०, शुक्रवार

सकाळी टिंगीला हुडहुडी भरली. दोन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. मी सिस्टरला हाक मारायला धावले. ती दुसऱ्या खाटेवर अडकलेली. आली तोवर बराच वेळ गेला. थर्मामीटर लावला. नॉर्मल.

"अहो, आत्ता थडथडत होती!"

"आकडा हा आहे, बाई."

टिंगीचं कपाळ घामानं डबडबलेलं. ताई पदरानं ते टिपत होती. आणि मला ताईची पर्स दिसली, उघडी. आत तापाच्या गोळ्यांचं पाकीट. अर्धं रिकामं.

काय झालं ते लख्ख कळलं. यात कटबिट काही नव्हता. आमच्या घरात कुणाचं कपाळ गरम लागलं की ताईचा हात आपोआप पर्सकडे जातो. बाबांना, मला, टिंगीला, सगळ्यांना याच हातानं गोळ्या दिल्यात तिनं. पोरगी कुडकुडताना दिसली, तिनं गोळी दिली. कालही दिली असणार. परवाही. आणि आम्ही सगळे त्या लाल रेघेकडे डोळे लावून बसलो होतो.

"ताई, किती दिल्यास?"

ती गोंधळली. "अगं, अंग तापलं होतं तिचं."

मग तिच्याच लक्षात आलं. तिचा चेहरा मी पाहिला. तो चेहरा मला कुठल्याही लेखात वापरता येणार नाही.

"सांगू नकोस," ती म्हणाली. "वाकडे, सांगितलंस तर ते बाळाला काढतील."

"नाही सांगितलं तर टिंगी जाईल."

"थोडं थांब. दुपारपर्यंत थांब."

मी थांबले नाही. डॉक्टरीणबाईंच्या खोलीपर्यंतचा व्हरांडा एवढा लांब कधी वाटला नव्हता. मागून ताई हाक मारत होती, टोपणनावानं नाही, माझ्या खऱ्या नावानं. त्या नावानं तिनं मला शेवटचं कधी हाकारलं होतं, आठवत नाही.

डॉक्टरीणबाई उठून आल्या. टिंगीची नाडी बघितली, पोट दाबलं, टिंगी ओरडली. त्या म्हणाल्या, "नियमानं गोळीचा अंमल उतरेपर्यंत थांबायला हवं. मग मोजायचं, मग वकिलांना फोन." घड्याळाकडे बघितलं. मग टिंगीकडे. "नको. घ्या आत."

 

११, शनिवार

टिंगी आहे.

१२, रविवार

सलाईन चालू आहे. डोळे उघडले तिनं. पोटावर हात ठेवला, आणि उचलला. जावईबापूंनी लिफ्टचं दार परत बसवलं.

मुलगी होती. सिस्टरनं कापडात गुंडाळून ताईच्या हातात दिली. ताईनं खूप वेळ सोडली नाही. माझ्याशी बोलत नाही.

मला वाटलं होतं, आपण बरोबर होतो असं वाटेल. तसं काही वाटत नाही. नुसतं बधिर वाटतं.

१६, गुरुवार

कुणीतरी तक्रार केलीय. डॉक्टरीणबाई कामावर दिसत नाहीत. त्यांच्या दारावरची पाटी काढलीय, स्क्रूची भोकं तेवढी राहिलीत.

१७, शुक्रवार

टिंगी घरी आली. मी ताईकडेच राहते आहे. ती माझ्यासाठी चहा ठेवते आणि खोलीतून निघून जाते.

माझ्या ओळखीच्या वकीलबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताप आल्याचं डॉक्टरांना सांगितलं कुणी?"

"मी."

मग त्यांनी एकेक करून सांगितलं. तक्त्यावर त्या वेळी ताप नाही. म्हणजे धोका नाही. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी गुन्हा केला, आणि त्यांना जिनं प्रवृत्त केलं तिनंही. शिक्षा सारखीच.

"पण ताप खरा होता."

"तुम्ही या कायद्याची टिंगल करणारे लेख वर्षभर लिहिताय. तुमच्या तापावर कोण विश्वास ठेवणार?"

आयुष्यभर लोकांनी मला हसून सोडून द्यावं म्हणून धडपडले. जमलं म्हणायचं.

१९, रविवार

दाराची बेल वाजली की पाणी प्यावंसं वाटतं. आज दूधवाला होता. मग शेजारीण. मग पुन्हा शेजारीण, तिला आमचे चेहरे बघायचे होते. टिंगी म्हणाली, "मावशी, प्रत्येक बेलला उभी राहू नकोस, मलाच दडपण येतं." एक बॅग भरून पलंगाखाली ठेवलीय. त्यात काय ठेवायचं असतं, तेही मला ठाऊक नाही. दोन साड्या आणि शब्दकोश टाकलाय.

ताईनं बॅग पाहिली. 

२०, सोमवार

आले. दोघं पोलीस होते, सभ्य बोलणारे. बूट बाहेर काढून आत आले. एकानं विचारलं, "डॉक्टरांना तापाचं कुणी सांगितलं?"

मी तोंड उघडायच्या आत ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पुसत म्हणाली, "मी. गोळ्या मीच दिल्या, ताप मीच पाहिला, काढा म्हणून मीच सांगितलं. आई आहे मी तिची. ही नुसती लिहिते, हिला काय कळतंय."

मी म्हणाले, "खोटं बोलते ती." त्यातला मोठा हसला. म्हणाला, "तुमचे लेख वाचतो आम्ही."

पलंगाखालची बॅग ताईनंच ओढून घेतली. शब्दकोश काढून माझ्या हातात दिला आणि त्यांच्यामागून गेली.

चष्मा विसरली आहे. त्याच्याशिवाय तिला जिना दिसत नाही.